आत्यांचं अर्धं राहिलेलं रडणं

माझा आवाज मोठा आहे. लहानपणापासूनच. शाळेत प्रार्थनेला मला पुढं उभं करायचे आणि घरात भांडण झालं की आधी खिडक्या लावून घ्यायचे. तुळजापुरात स्टँडच्या मागच्या बोळात माझं शिलाईचं दुकान आहे, घराला लागूनच. मशीन चालू असली तरी माझं बोलणं समोरच्या पेढ्याच्या दुकानापर्यंत जातं. तो पेढेवाला म्हणतो, "ताई, तुमच्यामुळं मला रेडिओ घ्यावा लागला नाही." मी म्हणते, घ्या एखादा, म्हणजे मला तरी तुमचं घोरणं ऐकू यायचं नाही.

आमच्या मंडळीत या आवाजाला एक काम होतं. मंडळी म्हणजे इथली ख्रिस्ती मंडळी, पंचवीसेक घरांची. रविवारची उपासना, नाताळचं जेवण, आणि कुणाच्या घरी काही झालं की सगळे हजर. मयतीच्या घरी कुणी मोठ्यानं रडायला लागलं की मी गीत सुरू करायचं. असं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. पंचांपैकी कुणीतरी नुसतं माझ्याकडं बघायचं, मी पहिली ओळ उचलायची, बाकीचे धरायचे. रडणारी बाई दोन कडव्यांत गप व्हायची. मग पाळकसाहेब प्रार्थना करायचे आणि सगळं कसं शिस्तीत पार पडायचं.

आमच्या जुन्या लोकांची शिकवणच तशी. आपल्याला पुन्हा उठण्याची आशा आहे, मग आशा नसलेल्यांसारखा गळा काढून काय रडायचं? मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली. वडील मंडळीचे पंच होते. त्यांनी मला आईच्या शवपेटीपाशी उभं केलं आणि म्हणाले, गा. मी गायले, पाचही कडवी, एकदासुद्धा न अडखळता. लोक म्हणाले, केवढं धीराचं लेकरू! त्या कौतुकावर मी पुढं कितीतरी वर्षं काढली. आता वाटतं, त्या दिवशी कुणीतरी मला नुसतं उचलून कडेवर घ्यायला हवं होतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की तीन वर्षांपूर्वी याच आवाजानं मी एका आईचं रडणं मध्येच तोडलं. ती आई म्हणजे माझी सासू. आणि पेटीत होता तिचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्यांचं गाव अणदूरच्या अलीकडं, आडवाटेला. त्या खंडोबाच्या भक्त. लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं, आठव्या वर्षी झालं ते नवसाचं. तो मुलगा मोठा झाल्यावर मोटार रिवायंडिंग शिकायला तुळजापुरात आला. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरायचं काम. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते उस्ताद आमच्या मंडळीतले. त्यांच्याबरोबर तो आधी नुसता बसायला यायचा, मग गायला लागला, तेही असं बेसूर की मी मागं वळून बघायची. मग एका वर्षी त्यानं बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी माझ्याशी लग्न केलं. गावाकडच्या भावकीनं काही वर्षं बोलणं टाकलं. आत्यांनी टाकलं नाही. त्या म्हणाल्या, "देव कुठला बी धर बाबा, पर दिवाळीला घरी येत जा."

त्या आमच्याकडं राहायला यायच्या तेव्हा त्यांच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेला खंडोबाचा टाक असायचा, चांदीचा, बोटाएवढा. सकाळी अंघोळ झाली की खिडकीत ठेवायच्या, हात जोडायच्या आणि परत गुंडाळून ठेवून द्यायच्या. मला ते खपायचं नाही. मी मिस्टरांना म्हणायची, आपल्या घरात हे कशाला? ते म्हणायचे, "तिचा देव पिशवीत मावतो. तुला काय जागा लागते का?" असं काही बोलले की पुढं वाद घालायची सोय राहायची नाही. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यावरूनही आत्यांनी मला आयुष्यात कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. मी मात्र त्यांना बरंच काही बोलायची. चहात साखर किती टाकता, पदर ओला कसा, टीव्हीचा आवाज केवढा. त्या हसायच्या आणि मिस्टरांना म्हणायच्या, "तुझ्या बायकूला पगारी मुकादम कर कुठंतरी."

मिस्टर गेले ते एका सकाळी, त्यांच्या मोटारींच्या दुकानातच. छातीत दुखतंय म्हणाले, सोलापूरला न्यायला गाडी काढली, पण अर्ध्या रस्त्यातच खेळ संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी दफन ठरलं. अंगणात पेटी ठेवली होती. मंडळी जमली होती, पाळकसाहेब आले होते. हे पाळकसाहेब नवीन, तरुण, आमच्याकडं येऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. मी पांढरी साडी नेसून पेटीच्या पायथ्याशी बसले होते. सगळ्या व्यवस्था मीच बघत होते. खुर्च्या आल्या का, पाणी ठेवलं का, कबर किती खोल खणली. कुणीतरी मागं म्हणालं, बाई काय खंबीर आहे! मला ते ऐकू आलं आणि बरंसुद्धा वाटलं.

तेवढ्यात गावाकडची जीप आली. आत्या उतरल्या, बरोबर भावकीतल्या चार बाया. आत्या सरळ पेटीच्या डोक्याशी जाऊन बसल्या. मुलाच्या हनुवटीला हात लावला. मग त्यांनी सूर काढला.

आमच्या भागात बाया कशा रडतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. नुसतं रडणं नसतं ते. गेलेल्या माणसाचं अख्खं आयुष्य त्यात येतं, पहिल्यापासून, एकेका ओळीवर हेल काढत. आत्यांनीही पहिल्यापासूनच सुरू केलं. "माझ्या लेकरा रं... सात वर्सं वाट बगायला लावलीस रं... खंडोबाच्या पायरीवर घातला हुता रं तुला..."

खंडोबाचं नाव ऐकलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. अंगणात सगळी मंडळी. नवीन पाळकसाहेब. एका पंचांनी माझ्याकडं बघितलं. नेहमीसारखं. आणि मी गीत सुरू केलं.

त्या दिवशी माझा आवाज कुठून आला कोण जाणे. एवढ्या जोरात मी कधी गायले नव्हते. सगळे उठून उभे राहिले, सगळ्यांनी धरलं. आत्यांचा सूर थोडा वेळ खालून ऐकू येत होता. मग तो तुटला. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रस्ता चुकलेलं माणूस जसं बघतं, तसं. मग त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि हात पेटीवरून काढून घेतला. आम्ही शेवटपर्यंत सगळी कडवी म्हटली. देवा, काय गायलो आम्ही त्या दिवशी! कोरस लावल्यासारखे.

जाताना गावाकडची एक बाई जीपपाशी दुसरीला म्हणाली, "माउलीला रडू बी दिलं न्हाय गं." मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

आत्यांना मी ठेवून घेतलं. गावात त्यांचं तरी आता कोण होतं? त्यांनीही नाही म्हटलं नाही, पण त्या बोलायच्याच बंद झाल्या. अगदी मुक्या नाही. पाणी दे, दार लाव, एवढं बोलायच्या. बाकी दिवसभर ओट्यावर बसून राहायच्या. टाक पिशवीतून बाहेर निघाला नाही. चतकोर भाकरी खायच्या, उरलेली ताटाखाली सारून ठेवायच्या. डोळ्यांत टिपूस नाही. मी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, वय झालंय, टॉनिक द्या. मी टॉनिक दिलं, शिरा दिला, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून रोज प्रार्थना केली. माझ्या प्रार्थना लांबलचक असतात, त्या बिचाऱ्या तेवढा वेळ हलायच्या नाहीत. एकदा माझाच तोल गेला. ताट पुढं आपटून म्हणाले, "आत्या, अहो बोला की काहीतरी! शिव्या द्या हवं तर! मी काय भिंतींशी राहते का?" त्यांनी ताट जवळ ओढलं आणि चतकोर खाल्ली.

माझं म्हणाल तर मी ठणठणीत होते. आठव्या दिवशी दुकान उघडलं. लग्नसराईचे ब्लाऊज होते, शाळेचे गणवेश होते. बाया भेटायला यायच्या आणि म्हणायच्या, तुमच्याकडं बघून आम्हाला धीर येतो. मी म्हणायची, सगळी प्रभूची कृपा. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की छातीवर मशीन ठेवल्यासारखं व्हायचं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. रडू मात्र एकदासुद्धा आलं नाही.

दोन महिने झाले असतील. एक दिवस आत्या म्हणाल्या, "मला गावाला सोड."

"तिथं कोण बघणार तुम्हाला?"

"कोन कशाला बगायला पायजे? पडून ऱ्हाईन."

मी हबकले. आत्या गावाला गेल्या तर महिनाभरसुद्धा काढणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि त्या गेल्या तर मिस्टरांना लहानपणी कांजिण्या कधी आल्या होत्या, त्यांना दुधाची साय का आवडायची नाही, हे ठाऊक असलेलं माणूसच या जगात उरणार नव्हतं. मी म्हटलं, एवढा रविवार जाऊ द्या, मग बघू. नुसती टाळाटाळ होती ती.

त्या रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी होती. मी आदल्या दिवशी घरी मोठ्यानं वाचून बघते, नाहीतर कठीण शब्दाला जीभ अडखळते. दुपारची वेळ. आत्या उंबऱ्यापाशी सुपात तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मी पलंगावर बसून वाचत होते. वाचायची ती गोष्ट अशी: दोन बहिणी असतात, त्यांचा भाऊ आजारी पडतो. त्या येशूला निरोप धाडतात, पण तो वेळेवर येत नाही. येतो तेव्हा भावाला पुरून चार दिवस झालेले असतात. एक बहीण त्याच्या पायांशी पडून म्हणते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ गेला नसता. ती रडते, तिच्याबरोबर आलेले लोक रडतात, आणि ते बघून येशूही रडतो. मग तो कबरीपाशी जातो, त्या माणसाला हाक मारतो, आणि मेलेला माणूस उठून बाहेर येतो. मी ही गोष्ट लहानपणापासून पन्नासदा वाचलेली. मला त्यातलं फक्त शेवटचं आठवायचं, तो उठून बाहेर येतो ते.

"कोन रडलं म्हनलीस?" आत्यांनी विचारलं.

दोन महिन्यांत त्यांनी मला आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "येशू."

"द्येव?"

"हो."

"पर त्यानं तर त्याला उठिवलं मागनं."

"उठवलं ना."

"त्याला ठावं हुतं का, उठिवनार म्हनून?"

"ठाऊक होतं, आत्या. त्यासाठीच तर आला होता."

"तरी रडला?"

"तरी रडला."

आत्यांनी डाळीतला एक खडा शोधला, काढून बाजूला टाकला. सूप हलवलं. मग म्हणाल्या, "मंग तवा कुनी गीत म्हनलं का?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मला उत्तर देता येतं, त्यात मी कुणाला हार जात नाही. पण त्या खरोखर विचारत होत्या. आमच्यात अशा वेळी गीत म्हणतात एवढं त्यांनी बघितलं होतं, तर तेव्हाही म्हटलं असेल का, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मी वेडी, खरंच पान वरपासून खालपर्यंत बघितलं. कुठंतरी असेल म्हणून.

"नाही," मी म्हटलं. "कुणी नाही म्हटलं."

"रडू दिलं त्याला."

"हो."

"चांगला हाय तुजा देव," आत्या म्हणाल्या. "बायामानसाला रडताना बगून रडला. गप बसा न्हाय म्हनला." आणि परत डाळ निवडायला लागल्या.

मी पुस्तक मिटून आत जाऊन उभी राहिले. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून. जन्मापासून मी या देवाची. आजोबांपासूनची आमची ख्रिस्ती पिढी, त्याचा मला केवढा तोरा! आणि त्याचं रडणं मला कळलं नाही, ते खिडकीत टाक ठेवणाऱ्या माझ्या सासूला डाळ निवडता निवडता कळलं. मी देवाला काय समजत होते? शाळा तपासायला आलेला साहेब. मुलं गप बसली की शेरा चांगला. आईच्या पेटीपाशी मी गायले ते त्याच्यासाठी, चांगला शेरा मिळावा म्हणून. आणि तो तिथं माझ्याजवळ उभा राहून रडत असणार, माझ्या आईसाठी, माझ्यासाठी, आणि माझ्या त्या बडबडत्या गाण्यात मला ते ऐकू आलं नसणार. तो इथंही रडत होता. अंगणात, आत्यांच्या शेजारी बसून. आणि मी त्याच्यावरही गीत घातलं.

मला माझाच इतका राग आला की मी धुतलेली भांडी परत धुतली.

संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडं गेले. म्हटलं, साहेब, खरं सांगा, त्या दिवशी मी सासूबाईंचं रडणं तोडलं ते बरोबर केलं का? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मावशी, मी नवीन होतो. तुम्ही सुरू केलंत, मला वाटलं इथली पद्धत असेल, म्हणून मीही म्हटलं." मी म्हटलं, म्हणजे तुम्ही काय म्हणाल म्हणून मी सुरू केलं, आणि मी सुरू केलं म्हणून तुम्ही? ते हसले नाहीत. म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडून रडलो. लोक म्हणतील, पाळक होणार आणि रडतो." मग त्यांनी चहा केला, तो पांचट होता, आणि मी तसं सांगितलंही.

रविवारी मी शास्त्रपाठ वाचला. सोमवारी सकाळी दुकान बंद ठेवलं आणि आत्यांच्या समोर जाऊन बसले. मला माफी मागायची सवय नाही, लग्नाच्या एकतीस वर्षांत मिस्टरांनाही दोनदा-तीनदाच मिळाली असेल. म्हटलं, "आत्या, त्या दिवशी माझं चुकलं."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "चुकलं."

मला वाटलं होतं, जाऊ दे पोरी, असं काहीतरी म्हणतील. पण त्या बरोबर होत्या. चुकलंच होतं.

"चला, कबरीवर जाऊ," मी म्हटलं. "तुम्हाला जे म्हणायचं होतं ते म्हणा. मी तोंड उघडणार नाही."

"तू? तोंड उगडनार न्हाईस?" दोन महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्या उठल्या, आत गेल्या, आणि भाकरी-चटणी फडक्यात बांधून घेऊन आल्या. ती कुणासाठी हे मला कळलं. आपल्यात असं नसतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

कबरस्तान गावाबाहेर माळावर आहे. रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, आज देवीला गर्दी कमी आहे, दर्शन पटकन होईल. म्हटलं, आम्हाला उलट्या बाजूला सोड. वारा सुटला होता, बाभळीच्या शेंगा खाली पडल्या होत्या. मिस्टरांची कबर अजून मातीचीच होती, वर हरळी उगवलेली. आत्या खाली बसल्या आणि हातानं हरळी उपटायला लागल्या. मीही दुसऱ्या बाजूनं उपटली. सगळं साफ झाल्यावर त्यांनी फडकं सोडून भाकरी कबरीवर ठेवली. लगेच कुठूनसा एक कुत्रा आला आणि त्यानं तोंड घातलं. मी हाकलायला उठले.

"खाऊ दे," आत्या म्हणाल्या. "त्योच असतोय की त्याच्यापाशी रोज."

मग आम्ही बसलो. मी वाट बघत होते. आता रडतील, मग रडतील. अर्धा तास गेला.

"न्हाय येत," आत्या म्हणाल्या. "त्या दिशी आलं हुतं. आता न्हाय येत."

मला वाटलं, झालं. तोडलेलं काही जोडता येत नाही. मी काय करून बसले, आणि वर ते दुरुस्त करायला सोमवार ठरवून आले, जणू शिवण उसवलीय, घाला परत. मनात म्हटलं, प्रभू, मी काही मागत नाही, गातही नाही, आता तूच बघ या माउलीकडं. एवढी छोटी प्रार्थना मी आयुष्यात पहिल्यांदा केली.

आत्या मुलाशी बोलायला लागल्या. रडणं नव्हे, साधं बोलणं, घरी बोलत तसं. विहिरीचं पानी खाली गेलंय म्हनत्यात. भावकीतल्या पोरीचं लगीन ठरलं. तुजं दुकान बंदच हाय, कुलूप लावलंय. बोलता बोलता एक शब्द जरा लांबला. मग पुढचा लांबला. मला कळलं तोवर सूर लागलेला होता.

"साऱ्या गावाच्या मोटारी चालू केल्यास रं लेकरा... तुजं काळीज कुनी चालू करंना रं... म्हाताऱ्या मायला खांदा देनार हुतास रं... तूच आदी झोपलास रं..."

त्यांचा आवाज फाटका झाला होता, त्या छाती बडवत होत्या, आणि डोळ्यांतनं पाणी नुसतं ओघळत होतं, सुरकुत्यांतून, हनुवटीवरून, गळ्यापर्यंत. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. खंडोबा आला. पायरी आली. कांजिण्या आल्या. माझा बाप्तिस्मा घेतलेला नवरा त्या सगळ्यात होता, नवसाचा, हट्टी, साय बाजूला काढणारा. मला वाटलं, हे सगळं ऐकायला येशू इथं बसलाय. बाभळीखाली, भाकरी खाणाऱ्या त्या कुत्र्यापाशी, आणि तोही रडतोय. मला ते अगदी खात्रीनं वाटलं. अजून वाटतं.

मग आत्यांनी हेल काढला आणि माझ्यावर आल्या.

"तुजी बायकू लई कडक रं... तिच्या जिभंला हाड न्हाय रं... तरी रोज माज्या अंघुळीला पानी तापवती रं... तिला माय न्हाय, लेकरू न्हाय, आता तू बी न्हाईस रं... दोन म्हयनं झालं, ती पोर रडली न्हाय रं... म्या कशी जाऊ तिला सोडून रं... आदी तिला रडू दे रं देवा... माझ्या पोरीला रडू दे रं..."

मी आत्यांकडं बघितलं. मला वाटत होतं, त्या माझ्यामुळं गप झाल्या आहेत. त्या दोन महिने माझ्याकडंच बघत बसल्या होत्या, ओट्यावरून, मी मशीन चालवताना, मी खंबीर असताना.

आणि मग माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. सूर नाही, ओळ नाही, काही नाही. नऊ वर्षांची असताना आत कोंडलेला होता, तो आधी बाहेर आला. मी आई गं म्हणून ओरडले, मिस्टरांना हाक मारली, काय काय बोलले देव जाणे. कुत्रा भाकरी सोडून लांब पळाला. मी कबरीवर आडवी झाले, साडी मातीत, नाक वाहतंय, आणि रडणं थांबेना. मला भीती वाटली की आता हे कधी थांबणारच नाही.

आत्या सरकत सरकत माझ्यापाशी आल्या. माझं डोकं उचलून त्यांनी मांडीवर घेतलं, आणि पदरानं माझं नाक पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, जोरात.

"आत्या, मला थांबवता येत नाही," मी म्हटलं.

"कोन थांब म्हनलंय तुला?" त्या म्हणाल्या. "रड. म्या हाय हितं बसलेली."